नाला भरला, बाजार बुडाला: घरातल्या साठ्यावर पोटभर जेवण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं, वैनगंगेच्या पट्ट्यातलं. पावसाळ्यात दोनदा तरी रपटा (नाल्यावरचा बुटका पूल) पाण्याखाली जातो, एसटी अलीकडेच थांबते आणि आठवडी बाजार बुडतो. लाईट तर त्याआधीच गेलेली असते. एरवी हे दोन-तीन दिवसांचं प्रकरण. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा मात्र दिवस मोजायचंच सोडून दिलं होतं. तेव्हापासून बचत गटातल्या बायका, नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना आणि नागपूर-पुण्याला राहणारी पण आईबाबांची काळजी वाहणारी पोरं मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून टाकते.

आणीबाणीचा साठा म्हणजे काय? बिस्किटं आणि मॅगीचे पुडे आणून ठेवू का?

ठेवा की. पण त्यालाच साठा समजू नका. संकटाच्या दिवसात माणसाला नवं काही खावंसं वाटत नाही. बाहेर धो-धो पाऊस, अंधार, लेकरं किरकिरताहेत, अशा वेळी ताटात गरम भात आणि पातळ बेसन आलं की घरातला अर्धा ताण उतरतो. म्हणून माझा नियम एकच आहे: जे एरवी घरात शिजतं, तेच साठ्यात असावं. फरक एवढाच की ते हिरव्या भाजीशिवाय, दुधाशिवाय, फ्रीजशिवाय आणि गिरणीशिवाय शिजलं पाहिजे.

तसं पाहिलं तर आपल्या आज्यांनी हे काम कधीच करून ठेवलंय. अक्षय तृतीयेपासून मृग लागेपर्यंत अंगणात खाटेवर, धोतरावर जे वाळत पडलेलं असतं, शेवया, सरगुंडे (काडीवर वळलेल्या जाड शेवया), कुरड्या, पापड, मुगाच्या वड्या, वांग्याच्या खुला (वाळवलेल्या फोडी), ते सगळं ह्याच दिवसांसाठी असतं. आपण मात्र त्याला फक्त तोंडी लावणं करून ठेवलंय.

पाच माणसांच्या घराला किती लागतं?

दहा दिवस धरा. मोठं माणूस, तेही बाहेरचं काम बंद असताना, दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य खातं. पाच माणसांचं दहा दिवसांचं झालं २० किलो. त्यात आमच्याकडे तांदूळ १४-१५ किलो आणि बाकी कणीक. अकोला-बुलढाण्याकडे हेच उलट, ज्वारीचं पीठ जास्त. तूर, मूग, हरभऱ्याची डाळ आणि बेसन मिळून ४ किलो. तेल दोन लिटर, मीठ एक किलो, गूळ-साखर मिळून दोन किलो, पोहे आणि रवा एकेक किलो, फल्लीदाणे (शेंगदाणे) एक किलो. तिखट, हळद, मोहरी, जिरं, हिंग, चिंच, ओवा तर असतंच. अख्खे मूग आणि काळे चणे एकेक किलो जास्तीचे ठेवा, का ते पुढे सांगते.

काडेपेट्या दोन नाही, सहा ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात, तांदळात खुपसून. दमट हवेत काडी पेटत नाही तेव्हा माणूस रडकुंडीला येतो.

रेशन आहे ना, मग साठा कशाला?

प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण ५ किलोला तीस दिवसांनी भागा: माणशी दिवसाला जेमतेम १६७ ग्रॅम. त्यात डाळ नाही, तेल नाही. भामरागडसारख्या भागात पर्लकोटा नदीला पूर आला की गावंच्या गावं तुटतात, तिथे पावसाळ्याआधीच धान्य पोचवून ठेवावं लागतं. घरी तीच अक्कल वापरायची: मृगाच्या आधी जूनचं रेशन उचलायचं आणि त्यातलं चार-पाच किलो बाजूला काढायचं.

ज्वारी कोठीभर आहे. चिंता कशाची?

गिरणीची! लाईट गेली की गिरणी बंद आणि कोठीतली ज्वारी नुसती बघत बसायची. हा घोटाळा दरवर्षी कुणाच्या तरी घरी होतो. म्हणून जून ते सप्टेंबर घरात निदान दहा दिवसांचं पीठ दळलेलं हवं. पण ज्वारीचं पीठ फार टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत कडवटपणा येतो. बाजरीचं त्याहून लवकर. कणीक कोरड्या डब्यात दोन महिने चालते. दर पंधरा दिवसांनी थोडं दळायचं, जुनं आधी संपवायचं.

घरात जातं असेल तर ते अडगळीतून बाहेर काढा. बारीक पीठ नाही पडलं तरी ज्वारीच्या कण्या पडतात आणि कण्या म्हणजे पावसाळ्यातलं राजाचं जेवण. तांदळाचं सुख वेगळंच, त्याला गिरणी लागत नाही. म्हणून आम्ही झाडीपट्टीतले (पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यातले) लोक ह्या बाबतीत थोडे निवांत असतो.

धान्याला कीड, जाळी लागते. काय टाकायचं?

आधी ऊन. मे महिन्यात दोन-तीन कडक उन्हं दाखवून, धान्य गार झाल्यावरच भरायचं. गरम भरलं तर डब्याला आतून घाम सुटतो. तूरडाळीला हाताला एरंडेल लावून चोळायचं. कडुनिंबाचा पाला टाकायचा तर सावलीत खडखडीत वाळवून. एका वर्षी मी घाईत ओलसर पाला टाकला आणि पंधरा किलो तांदळाला बुरशीचा वास लागला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त कोंबड्यांना टाकायला घेऊन गेल्या, आणि मीच त्यांना अडवलं, कारण बुरशीचं धान्य कोंबड्यांनाही घालू नये. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत मी बंद केली. कितीही धुतलं तरी ती पोटात जायला नको.

आणि धान्यात टाकायच्या त्या करड्या गोळ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या, राहत्या घरात कधीही ठेवू नका. दमट हवेत त्यातून विषारी वायू निघतो. माणसं झोपेत गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ज्या खोलीत लेकरं झोपतात तिथेच धान्याची कोठी असते, हे विसरू नका.

पहिल्या रात्री काय करावं?

पातळ बेसन आणि भात. दुसरं काही सुचवणारच नाही.

एक वाटी बेसनाला साडेचार ते पाच वाट्या पाणी. आधी वाटीभर पाण्यात बेसन हातानं कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. गंजात (पातेल्यात) तीन-चार चमचे तेल चांगलं तापवायचं, मोहरी तडतडली की जिरं, ठेचलेला लसूण, लाल होऊ द्यायचा. मग हळद, तिखट. तिखट जळायच्या आत उरलेलं पाणी ओतायचं, मीठ घालायचं आणि उकळी फुटल्यावर कालवलेलं बेसन एका हातानं सोडत दुसऱ्या हातानं ढवळायचं. पुढची सात-आठ मिनिटं मंद आचेवर रटरटू द्या. कच्च्या बेसनाचा वास गेला आणि वर तेलाचे ठिपके दिसले की झालं. भिवापूरचं तिखट असेल तर रंग असा येतो की लाईट नसली तरी ताट दिसतं. सांबार (पुणेकरांसाठी: कोथिंबीर) नसली तर अडत नाही.

त्याच बेसनाचे आणखी दोन अवतार. घट्ट केलं तर झुणका, भाकरीसोबत. आणि पातळ फोडणीच्या उकळत्या पाण्यात घट्ट भिजवलेल्या बेसनाचे, ओवा घातलेले गोळे चमच्यानं सोडले तर डुबुकवड्या. गोळा आधी डुबतो, शिजला की वर येतो, म्हणून डुबुक. लेकरांना कढईपाशी बसवून कोणती वडी आधी वर येते ते बघायला लावा. मोबाईलची बॅटरी संपलेली असते तेव्हा हा खेळ फार कामाचा आहे. (उकळतं आहे, जरा लांबच बसवा.)

कांदा-लसूण संपला तर चव कशी येणार?

हिंग, जिरं आणि भाजलेल्या दाण्याचं कूट. जवसाची किंवा कारळाची चटणी आधीच करून ठेवली असेल तर एक चमचा रश्श्यात घाला, दाटपणाही येतो. उन्हाळ्यात कांदा स्वस्त असतो तेव्हा पातळ चिरून कडक वाळवून बरणीत भरून ठेवा. फोडणीत टाकण्याआधी पाच मिनिटं पाण्यात, नाही तर क्षणात करपतो.

हिरवी भाजी आठवडाभर नाही. तोंडाला चव राहत नाही.

ह्याच्यासाठीच वांग्याच्या खुला. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या, पिळून ते पहिलं काळपट पाणी टाकून द्यायचं, मग फोडणीत परतून दाण्याचं कूट, तिखट, चिंचेचा कोळ. ताज्या वांग्यासारख्या लागत नाहीत. त्यांची चव निराळीच, थोडी धुरकट, चिवट, आणि तीच मला जास्त आवडते. मुगाच्या वड्या आधी चमचाभर तेलात तांबूस भाजून मग रश्श्यात सोडा, कोरड्याच टाकल्या तर पीठ होऊन बसतात. वाळवलेली मेथी किंवा हरभऱ्याचा वाळलेला पाला वरणात चुरून टाकता येतो.

आता अख्ख्या मुगाची गोष्ट. आठ तास भिजवून, ओल्या फडक्यात बांधून खुंटीला टांगले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड येतात. वाळल्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व मोडात तयार होतं. म्हणजे दारात पूर असताना घरातल्या घरात पिकवलेली ताजी भाजी. फक्त अशा दिवसात पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून मोड कच्चे खाऊ नका. शिजवूनच.

लेकरं रोज "तर्री पोहे" म्हणतात. आलू नाहीत, टमाटर नाहीत.

मग काळे चणे कशाला ठेवायला सांगितले? रात्री भिजवा, सकाळी मीठ घालून शिजवा. वाळलेला कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर काळपट भाजून पाट्यावर वाटा. तेल जरा सढळ, त्यात वाटण, गरम मसाला, तिखट; तेल सुटलं की चण्याचं शिजवलेलं पाणी घाला, टाकून देऊ नका. आंबटपणाला चिंच. पोहे भिजवून हळद-मिठाच्या फोडणीत परतायचे, वर चणे आणि लाल तर्री. नागपूरच्या टपरीवरची सर येणार नाही असं म्हणणाऱ्याला दुसरी प्लेट देऊ नका.

एका गंजात होणारं, पोट गच्च भरणारं काही?

दोन पदार्थ आहेत आणि दोन्हीत साठ्याबाहेरची एकही जिन्नस लागत नाही.

गोळाभात. हरभऱ्याची डाळ जाडसर भरडून ठेवलेली असावी, हा भरडा पावसाळ्यात घरात हवाच. दीड वाटी भरड्यात तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ आणि दोन चमचे कडक तेलाचं मोहन घालायचं, पाण्याचा हबका मारून लिंबाएवढे गोळे वळायचे. दही असलं तर चमचाभर, नसलं तर चिंचेचं पाणी. भात अर्धा शिजला, वर अजून पाणी दिसतंय, अशा वेळी गोळे त्यात खोचायचे, झाकण ठेवून आच मंद करायची. वीस मिनिटं झाकण उघडू नका, वास कितीही आला तरी. वाढताना गोळा भातात कुस्करायचा आणि त्यावर मोहरी, हिंग, लाल मिरचीचं चरचरीत तेल. हे तेल ह्या पदार्थाचा जीव आहे. तेल वाचवायचं असेल तर दुसऱ्या कुठल्या पदार्थात वाचवा.

दुसरा, वरणफळं. कुणी चकोल्याही म्हणतात. कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ घालून घट्ट मळायची, जाडसर पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि चिंच-गुळाच्या, जरा पातळच ठेवलेल्या उकळत्या वरणात एकेक सोडायचे. एकदम टाकले तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत शिजतात. पोळ्या लाटून, भाजून, वेगळं वरण करण्यापेक्षा इंधन निम्म्यानं कमी लागतं.

वऱ्हाडातल्या मैत्रिणी म्हणतील उकडपेंडी राहिली. खरंय. जाडसर कणीक तेलात खमंग भाजायची, फोडणी, चिंचेच्या किंवा ताकाच्या पाण्याचा शिडकावा आणि दोन वाफा. दहा मिनिटांचं काम.

म्हाताऱ्यांना दात नाहीत, आजाऱ्याला काही जात नाही.

ज्वारीच्या कण्या किंवा तांदळाची पेज. मूठभर तांदूळ, आठपट पाणी, मीठ, अगदी मऊ होईपर्यंत. त्यात चमचाभर तूप असेल तर बघायलाच नको. लोणच्याचा खार बोटभर. मूगडाळीची मऊ खिचडीही चालते.

जुलाब लागले तर पेज देतच राहा, शिवाय एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर उपयोगाऐवजी अपाय होतो. ओआरएसची पाकिटं आशाताईंकडून आधीच आणून ठेवली तर मोजायची पाळीच येत नाही. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, पेशंट पेंगुळला तर वाट बघू नका, सरपंचापासून तहसीलपर्यंत जो फोन लागेल तो लावा.

दुधाचं काय?

गाय गोठ्यात असेल तर हा प्रश्न तुमचा नाहीच. नसेल तर दुधाची पावडर: ग्लासभर पाण्याला साधारण तीन मोठे चमचे, आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून. चहाला, शेवयांच्या खिरीला उत्तम. कागदी खोक्यातलं दूध न उघडता काही महिने बाहेर टिकतं, तारीख बघून घ्या. उघडलं की मात्र त्याच दिवशी संपवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पावडरचं दूध देऊ नका, त्याला आईचंच दूध, आणि आईला पोटभर जेवण. पूर आला म्हणून आईचं दूध आटतं हे मी मानत नाही. घरातली सगळी जेवून झाल्यावर आई जेवते आणि तिच्या वाट्याला खरवड येते, त्यानं आटतं.

गोडाधोडाची हौस अशा वेळी करावी का?

अवश्य. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात सगळे एकमेकांवर खेकसायला लागतात, तेव्हा गुळाचा शिरा करा. रवा तुपात नाही तर तेलातही भाजता येतो, गूळ वेगळ्या पाण्यात विरघळवून, गाळून ओता. सरगुंडे उकडून गुळाच्या पाण्यासोबत द्या. आंब्याचा रस नाही म्हणून कुणी तक्रार केली तर जुलै महिना आहे हे सांगा. गडचिरोलीकडे वाळवलेली मोहफुलं असतात. ती धुऊन, वाफवून, कणकेत मळून त्यांच्या पोळ्या करतात. त्यांना साखर लागतच नाही.

श्रावणात उपास आला तर?

साबुदाणा आणि फल्लीदाणे, झालं. भगर ठेवायची तर बंद पाकिटातली, निवडून, धुऊन, करायच्या वेळी. सुटं भगरीचं पीठ पावसाळ्यात आणू नका. दमट हवेत त्याला लवकर बुरशी धरते आणि विषबाधेचे प्रकार होतात.

गॅस संपत आला तर?

१४.२ किलोचं सिलिंडर पावसाळ्याआधी भरून घेणं हे झालंच. पण खरा भरवसा चुलीचा. तुराट्या, पऱ्हाट्या (तुरीची आणि कपाशीची वाळकी झाडं) आणि गोवऱ्या कोरड्या जागी, जमिनीपासून वर, मृगाच्या आधी रचून ठेवा. पऱ्हाटी भर्रकन पेटते आणि तेवढ्याच लवकर विझते, ती पेटवायला. शिजवायला जाड लाकूड. चूल घरात आणावी लागली तर दार-खिडकी थोडी उघडी ठेवा, पावसाचा शिंतोडा आला तरी चालेल. बंद खोलीत निखारे ठेवून झोपू नका.

डाळी-कडधान्यं नेहमी भिजवून. भाताला, वरणाला दणदणीत उकळी आली की दहा मिनिटं शिजवून झाकण लावायचं आणि गंज जाड गोधडीत गुंडाळून ठेवायचा. तासाभरात आतल्या आत शिजतं. माझी आजी हे करायची, तिला कुणी इंधनबचतीचं शिबिर दिलं नव्हतं.

बोअरचा पंप बंद, विहिरीला गढूळ पाणी. स्वयंपाकाला चालेल?

तसंच नाही. तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं पाणी चार पदरी फडक्यातून गाळा, मग उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर पुढे निदान एक मिनिट. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावरच्या मापानं, आणि अर्धा तास थांबून. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून आधी तुरटी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर धरा. आभाळ भरून आलं की घरातले गुंड, कळश्या, बादल्या भरून घ्यायच्या, लाईट जायच्या आत.

पुराचं पाणी घरात शिरलं. साठ्यातलं काय वाचवता येतं?

फारच थोडं. पोत्यातलं, पाकिटातलं, फिरकीच्या झाकणाच्या डब्यातलं, लोणच्याच्या बरणीतलं, ज्याला पुराचं पाणी लागलं ते सगळं टाकून द्यावं लागतं. त्या पाण्यात गोठा, संडास, शेतातली औषधं सगळं मिसळलेलं असतं. उन्हात वाळवून धान्य परत भरायचा मोह फार होतो, मला माहीत आहे, वर्षाची कमाई असते ती. पण माणसाला खाऊ घालू नका. न फुगलेले, न गंजलेले, कारखान्यात सीलबंद केलेले पत्र्याचे डबे तेवढे साबणानं धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून वापरता येतात. म्हणून पावसाळ्यात साठा फळीवर, माळ्यावर. खाली काही नाही.

आणि पाणी चढतंय असं दिसलं तर डब्यांच्या मागे थांबू नका. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं नरखेड तालुक्यातल्या मोवाड गाव कसं उद्ध्वस्त केलं ते आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. एक पिशवी आधीच भरलेली असू द्या: फुटाणे, गूळ, दाणे, पोहे, मुरमुरे, पाण्याची बाटली, औषधं, रेशनकार्ड.

रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खातोच की आपण!

खातो. मीही खाते, थंडीत. पावसाळ्याच्या उबट, दमट रात्री झाकून ठेवलेल्या भातात जे विष तयार होतं ते फोडणीनं मरत नाही. लागेल तेवढाच शिजवा. उरलाच तर दोन तासांच्या आत कुणाला तरी वाढून टाका, शेजारी आहेतच.

लाखोळी (लाखेची डाळ) स्वस्त आहे. साठ्याला तीच डाळ घेऊ का?

आमच्या पूर्व विदर्भात लाखोळीचे वडे, वरण सगळ्यांनी खाल्लंय. विक्रीवर कित्येक वर्षं बंदी होती, पुढे ती उठली. अधूनमधून खायला घाबरू नका. पण महिनोन् महिने, दोन्ही वेळ, मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पायातली ताकद जाते आणि ती परत येत नाही. दुष्काळात नेमकं तेच व्हायचं, दुसरं काही नसायचं. साठ्यात ठेवली तर तुरीच्या जोडीला, आणि शिजवण्याआधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या.

सुकी मासळी, झिंगे ठेवता येतात का?

येतात, घट्ट झाकणाच्या डब्यात, बाकी जिन्नसांपासून लांब. कोरडेच भाजून, डोकी-कचरा काढून, मग वांग्याच्या खुलांसोबत रस्सा. शाकाहारी शेजारीण असेल तर तिला आधी सांगा, वास भिंतीपलीकडे जातो.

एवढं सगळं एकदम घ्यायला पैसे कुठून आणायचे?

एकदम घेऊच नका. मार्चपासून दर बाजाराला एक जिन्नस जास्तीची: एका आठवड्यात किलोभर डाळ, पुढच्या आठवड्यात तेलाची पिशवी. तूर घरची निघाली की व्यापाऱ्याच्या काट्यावर जायच्या आधी दहा किलो घरात ठेवा. फेब्रुवारीत विकायची आणि ऑगस्टमध्ये चढ्या भावानं तीच डाळ आणायची हा आतबट्ट्याचा धंदा आपण पिढ्यान् पिढ्या करतोय. आमच्या गटात सहा घरं मिळून वड्या आणि शेवया करतो. कुणाचं मूग, कुणाचं गहू, कुणाचे हात.

पूर आलाच नाही तर उरलेल्या साठ्याचं काय?

पोळा झाला की डबे खाली उतरवा. फल्लीदाण्यातला काळा, सुरकुतलेला, खवट दाणा वेचून फेकून द्या, बुरशीचं विष भाजून जात नाही. बेसन दिवाळीच्या लाडवांत संपतं, पोहे चिवड्यात. वड्या आणि खुला मात्र दिवाळीपर्यंत उरल्याचं मला आठवत नाही. पाऊस आला की घरातला कुणी ना कुणी म्हणतोच, "आज पूल बुडाल्यासारखं कर ना काही," आणि रपट्यावरून एसटी खुशाल जात असताना चुलीवर डुबुकवड्या चढलेल्या असतात.